दोन-तीन वर्षांपुरतं जर्मनीला जायचं म्हणता, तर आधी हे वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला स्वतःचं घर, आई-वडील सत्तरीला टेकलेले, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची आणि हातात स्टुटगार्टच्या कंपनीची वर्षाला ६०,००० युरोची ऑफर. तुम्ही विचारलंय, "दोन-तीन वर्षं राहून पैसे साठवून परत यायचंय, महिन्याला किती शिल्लक पडेल?"

आकडा आधी देतो. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० ठोक. एकट्याचा पगार आणि लग्न झालेलं असेल तर कर-वर्ग तीन (एकटाच कमावणाऱ्या विवाहिताचा कर कमी कापणारा वर्ग) मागून घ्या, म्हणजे कर, आरोग्य विमा, पेन्शन वगैरे कापून हातात साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. त्यातले दीड हजार भाड्यात जातील. भाड्याचे दोन आकडे असतात, 'थंड' आणि 'गरम'. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा थंड भाडं असतं, हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून होतं ते गरम. हिशोब गरम भाड्याचाच करा. शिवाय तीन थंड भाड्यांपर्यंत डिपॉझिट मागतात, तेवढे पैसे येतानाच हाताशी हवेत. किराणा, प्रवास, वर्षातून एकदा भारताची तिकिटं धरली तर पहिल्या वर्षी फार काही उरत नाही, हे मनाशी पक्कं करा. पैसा दिसायला लागतो तो बायकोला नोकरी लागल्यावर.

पण तुमच्या प्रश्नातली मला काळजी वाटली ती 'दोन-तीन वर्षं' या शब्दांची. मी साताऱ्याचा. २०११ साली बायकोला घेऊन स्टुटगार्टला आलो तेव्हा माझ्याही तोंडी हेच होतं. दोनच वर्षं आहेत म्हणून कपाट घेतलं नाही, बॅगांतूनच कपडे काढायचो. दोनच वर्षं आहेत म्हणून भाषेचा क्लास लावला नाही, ऑफिसात इंग्रजीवर भागत होतं. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. जिन्यात भेटल्या की थांबून खूप काही सांगायच्या, हात तळघराकडे करायच्या. आम्ही हसून मान हलवायचो. तो सगळा हिवाळा आम्ही कपडे बेडरूममध्ये दोरीवर वाळवले. मार्चमध्ये कपाटाएवढ्या भिंतीवर काळी बुरशी आली आणि घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले. पुढे थोडी भाषा आल्यावर कळलं, आजी सांगत होत्या की तळघरात कपडे वाळवायची खोली आहे, तुमचा वार बुधवार. चार महिने त्या सांगत होत्या. पैशापेक्षा मला त्याचं वाईट वाटलं. आम्ही पुन्हा भेटायला गेलो तेव्हा त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या.

म्हणून सांगतो, तीन वर्षांसाठी आलात तरी कायमचं राहायचंय असं समजून पहिल्या दिवसापासून राहा. भाषा इथे येऊन बघू असं म्हणू नका. व्हिसा होईपर्यंत तीन-चार महिने आहेत. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनाचे ऑनलाइन वर्ग किंवा नाशिकमधला एखादा चांगला शिक्षक, काहीही चालेल, पण दोघांनी एकत्र शिका. व्यवहारातही फायदा आहे: ब्लू कार्डवर (पदवीधर कुशल कामगारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) कायम वास्तव्याचा परवाना साधी ए-१ (अगदी सुरुवातीची पातळी) भाषा असेल तर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ (मधली पातळी) असेल तर २१ महिन्यांनी.

आता बायकोबद्दल, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन परीक्षेची सक्ती नाही आणि आल्याआल्या काम करायची मुभा असते. कायद्याने सोपं आहे. पण इथल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर पदवीची मान्यता आणि खूप वरच्या पातळीची भाषा लागते, त्यात वर्षं जातात. बालवाडीत सहायक म्हणून सुरुवात करून पुढचं शिक्षण घेतलेल्या दोन मराठी शिक्षिका माझ्या ओळखीत आहेत, मार्ग आहे. पण नाशिकला ज्यांना सकाळी साठ मुलं 'बाई, बाई' करत घेरतात, त्या इथे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडलेल्या घरात तुमची वाट बघत बसतील. माझ्या बायकोने तो पहिला हिवाळा कसा काढला हे तिने मला चार वर्षांनी सांगितलं. त्यांच्याशी आत्ताच बोला, आणि 'तू काय म्हणतेस' एवढंच विचारून थांबू नका.

मुलीचं वय उत्तम आहे. सहा महिन्यांत ती तुमचे उच्चार दुरुस्त करेल. बालवाडीतल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा मिळायला स्टुटगार्टमध्ये थांबावं लागतं, तेव्हा पत्ता मिळाला की लगेच अर्ज टाका. पत्त्याची नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो न देणाऱ्याचं घर घेऊ नका. परत जायचंच असेल तर एक खूणगाठ बांधा: इथे चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगवेगळ्या होतात. तोवर निर्णय झाला नाही तर पुढे तो मुलगीच घेते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आई-वडिलांचा विषय शेवटी घेतोय, पण सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या. २०१६ च्या जानेवारीत वडील न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. मला फोन आला तेव्हा इथे पहाटेचे तीन, तिकडे साडेसात. मी साताऱ्याला पोचलो तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. सगळं चुलतभावाने केलं, वीस दिवस कामधंदा सोडून. पैसे वडिलांच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात आणि ठेवींत होते, आईला त्यातला रुपया काढता येईना. भावाने स्वतःच्या खिशातून भरले. ते पैसे मी परत केले, त्याचे वीस दिवस कसे परत करणार?

तुम्ही निघण्याआधी हे उरकून घ्या. आई-वडिलांची खाती 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीने संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनी लावा. त्यांचा मेडिक्लेम असेल तर कॅशलेस कुठे चालतो ते स्वतः जाऊन विचारून या. नाशिकमधल्या एका विश्वासाच्या माणसाशी समोर बसून बोला, फोनवर नको. घर-जमिनीच्या कामासाठी कुलमुखत्यारपत्र भारतात असतानाच नोंदवून घ्या. इथून केलं तर कॉन्सुलेटमध्ये साक्षांकन आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरण्याची धावपळ होते. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद लावून टाका. एकदा अनिवासी झालात की शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते. तुमचं बचत खातंही एनआरओ (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) करावं लागेल.

"त्यांना इकडे आणू" असं मनात असेल तर नीट ऐका. भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना कायमचं आणायची तरतूद झाली आहे, तुम्ही त्यात बसता. अडतं ते आरोग्य विम्यापाशी. सत्तरीतल्या माणसाला पूर्ण विमा देणारी कंपनी शोधणं फार अवघड आणि महाग आहे. त्यावर भिस्त ठेवून निर्णय घेऊ नका.

या, असंच मी म्हणेन. काम चांगलं आहे, सुट्टी खरी सुट्टी असते, मुलगी एकटी शाळेत चालत जाईल. ऑफर स्वीकारायच्या आधी एका रविवारी आई-वडील आणि बायको, सगळ्यांना एकत्र बसवून वरचं सगळं वाचून दाखवा. करारातलं काही विचारायचं असेल तर पगाराचा आकडा झाकून इथेच टाका, मी रात्री जेवणानंतर बघतो.