स्कॉलरशिप न आल्याने कॉलेज फी मागतंय आणि मूळ कागदपत्रं देत नाही. असं करता येतं का?

नाही, फीचा वाद असला तरी प्रवेशावेळी घेतलेली दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची आणि कॉलेजने फक्त स्वसाक्षांकित (विद्यार्थ्याने स्वतः सही केलेल्या) प्रती ठेवायच्या. तोंडी भांडू नका, क्लार्क 'साहेब उद्या येतील' म्हणून परत पाठवेल.

- प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्यासह पोच घ्या. महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाची सद्यस्थिती आणि फीच्या पावत्या जोडा.
- उत्तर नाही आलं तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या 2023च्या विनियमांनुसार तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो.
- निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील.

मात्र कागदपत्रं मिळाली म्हणजे थकबाकी माफ झाली असं नाही. ती खरी असेल तर कॉलेज दिवाणी मार्गाने वसूल करू शकतं. आणि कॉलेज स्वतः देतं त्या टीसीचा (कॉलेज सोडल्याचा दाखला) प्रश्न वेगळा, तिथे बहुतेक ठिकाणी 'नो ड्यूज' म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला मागतात. म्हणून टीसीची मागणी वेगळ्या अर्जात करा.