घर बदलताना मेकअप कसा न्यायचा: कोणती वस्तू कशाला घाबरते ते आधी बघ

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले कारण यातून मी सहा वेळा गेलेय. तू लिहिलंयस की दोन आठवड्यांनी शिफ्टिंग आहे, चार ड्रॉवर भरून मेकअप आहे, त्यात पॅलेट (एकाच डबीत बऱ्याच रंगांच्या पावडरी), तीसेक लिपस्टिक, काचेच्या बाटल्यांतली फाउंडेशन्स आणि नेलपेंट, आणि सामान हलवणारे म्हणतायत की सगळं एका खोक्यात टाका, आम्ही बबल रॅप करू. तर पहिलं हे की एका खोक्यात टाकू नकोस. माझ्या पहिल्या शिफ्टिंगला मी नेमकं तेच केलं होतं, नेलपेंटची एक बाटली फुटली आणि तो लाल रंग तीन पॅलेटच्या फटींतून आत गेला, वर वाळून असा कडक झाला की झाकणंच उघडेनात. ती पॅलेट मी दोन वर्षं पैसे साठवून एकेक करून घेतली होती, खूप रडले होते तेव्हा.

त्या दिवसापासून मी ब्रँडप्रमाणे किंवा ओठांचं-डोळ्यांचं अशा हिशेबाने पॅक करत नाही. कोणती वस्तू कशाला घाबरते ते बघून गट पाडते. पावडरला धक्क्याची भीती, मेणाच्या वस्तूंना उन्हाची, बाटल्यांना गळण्याची, आणि नेलपेंट-परफ्यूम-स्प्रे यांची बाकी सगळ्यांना भीती. हे चार गट एकमेकांपासून लांब राहिले की अर्धं काम झालं समज.

पण पॅकिंगच्या आधी निवड. सगळं जमिनीवर चादर पसरून त्यावर काढ आणि प्रत्येक वस्तू उलटून बघ. मागे बहुतेकदा उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6M, 12M, 24M असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने वापरायची. मस्कारा आणि लिक्विड आयलायनर यांत मी अजिबात दयामाया करत नाही, तीन-चार महिने होऊन गेले असतील तर टाकून दे, डोळ्यांच्या बाबतीत धोका कशाला. लिपस्टिकला खवट तेलासारखा वास येत असेल तर ती पण गेली. फाउंडेशनमध्ये तेल वेगळं होऊन वर आलंय आणि हलवूनही एकजीव होत नाही, किंवा वासच बदललाय, तर ते काळजीपूर्वक गुंडाळून नव्या घरी नेण्यात अर्थ नाही. पावडरी मात्र कोरड्या असतात, पाणी लागलेलं नसेल तर बऱ्याच टिकतात, त्यांना घाईने फेकू नकोस. हे झालं की प्रत्येक ड्रॉवरचा आणि पॅलेट उघडून आतला मोबाईलवर फोटो काढ. नंतर काही हरवलं किंवा फुटलं तर काय होतं ते कळतं आणि नव्या घरी परत लावतानाही सोपं जातं.

आता पावडर, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रेस्ड पावडर म्हणजे पातळ पत्र्याच्या ताटलीत दाबून बसवलेली भुकटी, तिला धरून ठेवायला थोडंसंच तेल किंवा बाइंडर असतं. लोकांना वाटतं की खोका पडला तरच ती फुटते, पण गाडीच्या सततच्या थरथरीनेही कडेपासून सुटते आणि मग एका छोट्या धक्क्यात तुकडे. त्यातही बेक्ड हायलायटर, ब्लश जे मध्ये फुगीर असतात ते, आणि बोट लावलं की लोण्यासारखे वाटणारे मऊ चमकीचे शेड, हे सगळ्यात नाजूक, यांना वेगळी वागणूक दे. मॅट शेड त्या मानाने दणकट असतात.

उपाय साधा आहे, झाकण आणि पावडर यांच्यामधली पोकळी भरायची. कॉम्पॅक्टमध्ये एक चपटा कॉटन पॅड ठेव आणि झाकण लाव, पण झाकण अलगद बंद झालं पाहिजे. जोर लावून बंद करावं लागत असेल तर पॅड जाड आहे, तो आपणच पावडर दाबून फोडेल, मग त्याचे पदर सोडवून पातळ कर. चमकीच्या शेडवर कापसाचे तंतू चिकटतात म्हणून तिथे आधी टिशूचा एक पदर आणि मग पॅड. क्रीम ब्लश, क्रीम कन्सीलर यांच्यावर कापूस ठेवायचाच नाही, क्लिंग फिल्मचा तुकडा पुरे. पॅलेट मोठं असेल तर त्याच्या मापाचा पातळ फोमचा तुकडा कापून घे, मूळ खोकी जपून ठेवली असतील तर त्यात येतो तसा. आणि झाकण प्रवासात उघडू नये म्हणून भोवती रबरबँड लाव, चिकटपट्टी थेट पॅलेटवर लावू नकोस, काढताना वरचं प्रिंट निघतं.

मग प्रत्येक पॅलेट बबल रॅपमध्ये, फुगे आतल्या बाजूला, दोन फेऱ्या. खोक्यात मी ती आडवी ठेवते, पावडरची बाजू वर, एकावर एक चारपेक्षा जास्त नाही. खाली टॉवेलची जाड घडी, बाजूंना मोजे, स्कार्फ, टी-शर्ट जे असेल ते कोंबून, आणि वर परत टॉवेल. शेवटी खोका बंद करून हातात घेऊन हळूच हलव, आतून काहीही आवाज आला तर उघड आणि जिथे जागा आहे तिथे अजून कापड भर. आवाज येतोय म्हणजे आत वस्तू सरकतायत आणि जे सरकतं तेच फुटतं. खोका लहानच घे, मोठा घेतलास तर मोकळ्या जागेत कोणीतरी जड काहीतरी टाकणारच. मॅग्नेटवाल्या रिकाम्या पॅलेटमध्ये स्वतः पॅन, म्हणजे पावडरच्या सुट्या ताटल्या, लावले असशील तर तेही नीट बघ, पॅन मॅग्नेटवरून सुटून एकमेकांवर आपटतात, त्यांच्यावर फोमचा तुकडा हवाच.

लूज पावडरच्या डबीचं झाकण काढून जाळीवर क्लिंग फिल्म ताणून लाव आणि वरून झाकण घट्ट फिरव, मग झिपच्या पिशवीत. जाळीवर सेलोटेप लावणारे असतात पण तिचा चिकटपणा मागे राहतो आणि मग पावडर तिथेच गोळा होते.

लिपस्टिकचं तंत्र वेगळं. तिला धक्का फारसा लागत नाही, ऊन लागतं. आत मेण आणि तेल असतं, मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबा मेण 80 च्या पुढे, पण तेलात मिसळलेली लिपस्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडायला लागते. आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी, बाहेर 35 अंश असतील तर तासाभरात आत 50 च्या आसपास जाऊ शकते. म्हणून माझा ठाम नियम आहे, लिपस्टिक, काजळ, लिप बाम, क्रीमच्या स्टिक हे सामानाच्या गाडीत जात नाहीत, माझ्याबरोबर जातात. सगळ्या पूर्ण खाली फिरवून टोपण लावून उभ्या ठेवायच्या, उभ्या असल्या की मऊ झाल्या तरी टोपणाच्या भिंतीला चिकटत नाहीत. जाड पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात पुठ्ठ्याचेच कप्पे करून घे, एका कप्प्यात एक. उन्हाळ्यात जात असशील तर इन्सुलेटेड पिशवी घे, थंड जेलपॅक टॉवेलमध्ये गुंडाळून ठेव, थेट चिकटवून नको कारण त्याला पाणी सुटतं आणि ते पाणी पावडरला किंवा लेबलांना लागलं की दुसरंच दुखणं. पोचल्यावर लिपस्टिकवर दवासारखे थेंब दिसले तर घाबरू नकोस, उष्णतेने आतलं तेल वर येतं, थंड जागी एक दिवस उभी ठेव आणि मग टिशूने टिपून घे, वास नीट असेल तर ती चांगली आहे. मऊ असताना मात्र उघडून वर फिरवायची नाही, कितीही इच्छा झाली तरी, तिथेच मुळातून मोडते.

सिरम आणि सनस्क्रीन पण याच पिशवीत. व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल दोन्ही उष्णतेने आणि उजेडाने खराब होतात, सनस्क्रीन तापलं की फाटू शकतं, म्हणजे पाणी वेगळं आणि दाट भाग वेगळा, आणि असं फाटलेलं सनस्क्रीन चेहऱ्यावर सारखं पसरत नाही म्हणून त्यावर भरवसा ठेवायचा नाही. खूप थंडीत जात असलीस तरी हेच, क्रीम गोठून परत वितळलं की पूर्वीसारखं राहत नाही.

बाटल्या. प्रत्येक बाटलीचं टोपण काढ, तोंडावर क्लिंग फिल्मचा दुहेरी चौकोन ठेव, त्यावरून टोपण फिरव. पंप असेल तर लॉक होतो का बघ, बरेचसे फिरवले की लॉक होतात, नाहीतर पंपाच्या मानेत पुठ्ठ्याची छोटी पट्टी अडकव म्हणजे दाबला जाणार नाही. ट्यूबमधली हवा दाबून बाहेर काढ आणि मग झाकण लाव. विमानाने जाणार असशील तर हे जास्तच महत्त्वाचं, केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, बाटलीतली हवा फुगते आणि अर्ध्या बाटलीतलं फाउंडेशन टोपणातून बाहेर ढकलते, म्हणूनच अर्ध्या रिकाम्या बाटल्या भरलेल्यांपेक्षा जास्त गळतात. काचेची बाटली आधी मोज्यात, मग झिपच्या पिशवीत, हा क्रम उलटा करू नकोस. पिशवी बाहेर असली की फुटलं तरी सगळं आतच राहतं, आणि एका पिशवीत दोनच बाटल्या, त्या पण मध्ये कापड घालून.

आता नेलपेंट, रिमूव्हर, परफ्यूम, सेटिंग स्प्रे, हेअरस्प्रे, ड्राय शॅम्पू. यातलं बहुतेक सगळं पेट घेणारं आहे. नेलपेंटमध्ये इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं, रिमूव्हरमध्ये बहुतेकदा ॲसिटोन, परफ्यूममध्ये बहुतेक अल्कोहोलच, आणि स्प्रेचे डबे तर दाबाखालचे. म्हणून सामान हलवणारे बरेचदा हे घेत नाहीत, त्यांना आधी विचार, न सांगता खोक्यात लपवू नकोस. अर्धवट राहिलेला रिमूव्हर आणि स्प्रे न नेता संपव किंवा कोणाला तरी देऊन टाक. विमानात केबिन बॅगेत एक डबी 100 मिलिलिटरपर्यंतच असा नियम बहुतेक ठिकाणी अजून आहे. चेक-इन बॅगेत सौंदर्यप्रसाधनांचे स्प्रे, परफ्यूम वगैरे एका डब्यात अर्धा लिटरपर्यंत आणि माणशी सगळं मिळून 2 लिटरपर्यंत चालतं, तरी आपल्या विमान कंपनीचं पान उघडून वाच. नेलपेंटच्या बाटल्या उभ्या, तोंडाशी वाळलेला रंग पुसून टोपण घट्ट केलेल्या, प्रत्येकीला टिशूचा वेढा, आणि प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. तो डबा पॅलेटच्या खोक्यात कधीच नाही.

अजून एक, तुझे ड्रॉवर ॲक्रिलिकचे असतील तर सामानासकट गुंडाळून पाठवायचे नाहीत, आतल्या वस्तू आपटून ओरखडे पडतात आणि कोपरे तडकतात. रिकामे करून साबणाच्या कोमट पाण्याने धू. त्यावर नेलपेंट सांडलेलं असेल तरी रिमूव्हर लावू नकोस, ॲसिटोनने ॲक्रिलिक विरघळतं, स्पिरिटने पुसलं तरी बारीक तडे जाऊ शकतात.

ब्रश निघायच्या दोन दिवस आधी धुवून ठेव, आदल्या रात्री नाही. ते आडवे, केसांचं टोक किंचित खाली ठेवून पूर्ण वाळू देत, उभे ठेवलेस तर पाणी पत्र्याच्या गळ्यात उतरतं आणि आतला गोंद सुटतो. ओले ब्रश बंद पिशवीत गेले की वास मारतात. वाळल्यावर जाळीचे गार्ड किंवा कागदाची सैल सुरळी, आणि आडवे. स्पंज मी नेतच नाही, नव्या घरी नवा घेते.

सगळं जपूनही काही फुटलंच तर टाकायची घाई नको. फुटलेली पावडर त्याच पॅनमध्ये चमच्याच्या मागच्या बाजूने बारीक कर, 70 टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब टाकून ओल्या वाळूसारखी कर, वर टिशू ठेवून सपाट वस्तूने दाब, आणि रात्रभर उघडी वाळू दे, गॅसपासून आणि दिव्यापासून लांब. पूर्ण वाळल्याशिवाय डोळ्यांना लावू नकोस. हे फक्त पावडरला, क्रीमला नाही. बेक्ड वस्तूचा फुगीर आकार आणि वरची नक्षी परत येत नाही, पण रंग वापरता येतो.

आणि रोज लागतं तेवढं, म्हणजे फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, काजळ, एक लिपस्टिक, हे वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये काढून हाताशी ठेव, कारण बाकीची खोकी उघडायला आठवडा लागेल. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत "मेकअप" लिहायची मला भीती वाटते, मी "नाजूक, काच, वर काही ठेवू नका" लिहून बाजूला फक्त नंबर घालते आणि यादी मोबाईलमध्ये. पॅलेटचा खोका तुझ्याबरोबर मावत नसेल आणि गाडीतच जायचा असेल तर चढवताना स्वतः उभी राहा, पत्र्याच्या भिंतीला आणि छताला लागून नको, मधोमध गाद्यांच्या आधाराने ठेवायला सांग.

तुझ्या चार ड्रॉवरना दोन संध्याकाळी लागतील, पहिल्या संध्याकाळी निवड आणि फोटो, दुसऱ्या संध्याकाळी पॅलेट. बाटल्या शेवटी घेतल्यास तरी चालेल. बेक्ड हायलायटर किती आहेत ते सांग, आणि प्रवास किती तासांचा आहे आणि कोणत्या महिन्यात ते पण, त्यावरून जेलपॅक किती लागतील ते सांगते.