चार तास उडतो, मग थकतो कशानं?

प्रश्न : कॅप्टन ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू कास्तकार. काही वावर विकून, काही गहाण टाकून पोराला पायलट केलं. तो आता एका लहान कंपनीत को-पायलट आहे, पंख्याचं विमान चालवतो. विचारलं तर म्हणते, बाबा, दिवसाला चार-साडेचार तास उडतो. पण दिवाळीत घरी आला तर नुसता झोपून. त्याच्या मायनं ताट वाढून आणलं, तर बसल्या जागी डोळा लागला. आम्ही दिवसभर पऱ्हाटीत वाकतो, पण असं होत नाही. खुर्चीवर बसून चार तास काम करणारा माणूस एवढा थकते कसा? पोरगं नाजूक झालं की काही लपवते? गावात लोक विचारतात.

उत्तर : भाऊ, पोरगं नाजूक झालेलं नाही. त्यानं आकडाही खरा सांगितला. फक्त तो पगाराच्या कागदावरचा आकडा आहे.

आमच्या धंद्यात दोन घड्याळं चालतात. एक विमान जागचं हललं की सुरू होतं आणि पुढच्या गावी थांबलं की बंद होतं. त्याला ब्लॉक अवर म्हणतात. ठरावीक रकमेच्या वरचा पैसा बहुतेक कंपन्यांत या घड्याळावर मिळतो. दुसरं घड्याळ ड्युटीचं. ते विमानतळावर हजेरी लागली की सुरू होतं. मोठ्या कंपनीत लांबच्या उड्डाणावर या दोन घड्याळांत फार अंतर पडत नाही. लहान कंपनीत पडतं, आणि तुमच्या पोराची झोप त्या अंतरात जाते.

त्याचा एक दिवस मांडून दाखवते. पहिलं उड्डाण सकाळी सहाचं. हजेरी पावणेपाचला, गाडी दारात पावणेचारला, म्हणून उठायचं तीनच्या आत. त्यासाठी आदल्या रात्री आठला झोपायला पाहिजे, आणि आठला कोणाला झोप येते? हजेरीला आधी दारू प्यायली नाही ना याची श्वासाची चाचणी, मग हवामान, इंधन, विमानात काय काय नादुरुस्त आहे आणि त्यासकट उडायची परवानगी आहे का, ते वाचणं. मग पन्नास मिनिटं हवेत, पंचवीस मिनिटं जमिनीवर, असं पाच वेळा. मध्ये एका ठिकाणी धुक्यानं दोन तास खाल्ले की शेवटचं विमान लावून कागद पुरे करेपर्यंत दुपारचे अडीच. उठल्यापासून बारा तास होत आले. पगाराच्या घड्याळात सव्वाचार.

जमिनीवरची ती पंचवीस मिनिटं विश्रांतीची असतात, असा लोकांचा समज आहे. त्यात को-पायलट खाली उतरून विमानाला चक्कर मारतो, टायर, पंखे, तेलाची गळती बघतो, इंधन मोजून घेतो, वजनाचा कागद तपासतो, पुढच्या गावचं हवामान घेतो, रेडिओवर परवानगी मागतो. जेवण म्हणजे मांडीवर ठेवलेला डबा. दोन घास झाले की कोणीतरी सही मागायला येतं. माझी निम्मी हयात भाताला वरण लागायच्या आत झाकण लावण्यात गेली. आणि हे सगळं मे महिन्यात, आपल्याकडे पारा ४५-४६ वर असताना. उभ्या विमानात एसी नावाला असतो.

उन्हाचा दुसरा तापही सांगते. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे, अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची १,८५०. धावपट्टी जितकी आखूड, तितका हा हिशेब लवकर अंगाशी येतो. मग वजन कमी करायचं म्हणून बॅगा नाहीतर माणसं मागे ठेवावी लागतात. प्रवासी ओरडतात ते समोर दिसणाऱ्या गणवेशावर. तेही त्या चार तासांत कुठे धरलेलं नाही.

शिवाय वैमानिकाचं खरं कष्टाचं काम उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळचं. लांब पल्ल्याचा वैमानिक नऊ तासांत एकदा विमान उतरवतो, तुमचा पोरगा सकाळपासून पाचदा. मोठी जेट विमानं पस्तीस हजार फुटांच्या वर जाऊन बऱ्याचशा ढगांना खाली टाकतात. एटीआरची, म्हणजे लहान कंपन्यांच्या पंख्याच्या विमानाची, कमाल मर्यादा २५ हजार फूट, म्हणजे आषाढातल्या ढगांतून वाट काढायची ती त्यांच्या मधूनच. जेटमध्ये इंजिनाचा जोर आपोआप कमी-जास्त होतो, एटीआरमध्ये तो हातानं सांभाळावा लागतो. लहान विमानतळांवर बरेचदा आयएलएसही नसते. ही यंत्रणा कमी दिसत असताना विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणते. ती नसली की डोळे आणि हात, दोन्ही जास्त राबतात.

आणि झोपेचं म्हणाल, तर कृषिपंपाची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते तेव्हा अंगाचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पोराचं वेळापत्रक तसंच आहे, फक्त ते आठवड्याऐवजी दोन-तीन दिवसांनी पालटतं.

नियम नाहीत असं नाही. सात दिवसांत ३५ आणि वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडवता येत नाही. एका ड्युटीत जितक्या जास्त वेळा उतरायचं, तितकी ड्युटीची लांबीही कमी करावी लागते. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत नेली, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोनवर आणल्या. कंपन्यांनी कुरकुर केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली ती तयारी न केल्यामुळे, आणि तिला तात्पुरती सूटही मिळाली. तेव्हा टीव्हीवर अडकलेले प्रवासी दिसले. वैमानिकाला झोप का द्यायची, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

का द्यायची ते मंगळूरला दिसलं होतं. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनचं घोरणं होतं. लहान कंपन्यांबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या बफेलोजवळचा फेब्रुवारी २००९ चा अपघात आमच्या धंद्यात अजून निघतो. पंख्याचंच विमान, प्रादेशिक कंपनीचं, ५० मृत्यू. मुख्य कारण कॅप्टननं धोक्याच्या इशाऱ्यावर उलटी क्रिया केली हे ठरलं. पण को-पायलट मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती, आणि तिचा पगार किती तुटपुंजा होता हे सुनावणीत साऱ्या देशानं ऐकलं. कामाच्या गावी खोली घेणं परवडत नाही म्हणून लांबून येणारे वैमानिक आपल्याकडेही आहेत.

म्हणून भाऊ, तो घरी आला की झोपू द्या. गावातल्या लोकांना सांगा, पोरगं पहाटे तीनला उठून दहा तासांची ड्युटी करून आलं आहे. आणि त्याला एक गोष्ट निवांत विचारा : आज थकलो आहे, उडणार नाही, असं कळवलं तर तुझी कंपनी काय करते? तसं कळवणं वैमानिकाचं कर्तव्य आहे, आणि थकव्याच्या तक्रारींचा दर तीन महिन्यांनी डीजीसीएला अहवाल देणं कंपनीवर बंधनकारक आहे. कागदावर सगळ्या कंपन्या चांगल्या असतात. कुठे ती तक्रार मुकाट नोंदवून घेतात, कुठे दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून खुलासा मागतात. पोरगा या प्रश्नावर गप्प बसला, तर नोकरी बदलायचा विचार त्यानं नाही, तुम्ही काढा. घरावर कर्ज आहे म्हणून तो स्वतः काढणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी तिरोडा तालुक्यातली. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, झालं आहे. एका छोट्या एअरलाइनकडून पत्र आलंय. टाइप रेटिंग, म्हणजे त्यांच्या जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण, ते करून देणार, बदल्यात पाच वर्षांचा बॉन्ड, सोबत बाबांची हमी आणि तीन कोरे चेक. मामा म्हणतात, सही करून टाक, बॉन्ड कोर्टात टिकत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, मामांचं अर्धं बरोबर आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बॉन्डमध्ये लिहिलेली रक्कम आपोआप वसूल होत नाही. कोर्ट वाजवी भरपाई देतं, जास्तीत जास्त लिहिलेल्या रकमेपर्यंत. पण ते ठरेपर्यंत तारखा तुला घालायच्या आहेत, मामांना नाही. आणि कोरे चेक हा वेगळाच फास आहे. आकडा त्यांनी भरायचा, चेक परत गेला की चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली फौजदारी, तीही खात्यावर सही करणाऱ्यावर, म्हणजे बाबांवर. कोरा चेक देऊ नकोस. मूळ लायसन्स, लॉगबुक, मार्कशीट कोणाच्या कपाटात ठेवू नकोस. यावर घासाघीस करायचीच नाही.

बॉन्ड मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. टाइप रेटिंगला लाखांत खर्च येतो, तो कंपनीनं केला तर काही वर्षं थांब म्हणणं रास्त आहे. बघायचं ते त्यातलं कलम. रक्कम दरवर्षी उतरते का? उतरत नसेल, तर चार वर्षं अकरा महिने राबूनही तू पूर्ण देणेकरी. पाच वर्षं कधीपासून मोजणार, ट्रेनिंगला बसल्यापासून की प्रवासी घेऊन उडायला लागल्यापासून? मधल्या काळात सिम्युलेटरची तारीख मिळत नाही म्हणून मुलं महिनोन्महिने घरी बसलेली मी पाहिली आहेत, तुटपुंज्या विद्यावेतनावर. महिन्याला किमान किती तासांचे पैसे पक्के? विमान दुरुस्तीला उभं राहिलं तरी तेवढे मिळणार का? आणि कंपनीच बंद पडली, किंवा तिनं एटीआर परत केले, तर बॉन्ड सुटतो असं लिहिलंय का? हे शेवटचं बहुतेक कागदांत नसतंच. लिहून माग.

मी उगाच घाबरवत नाही. तुझ्या गोंदियाच्या बिरशी विमानतळाचंच बघ. मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, मग डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीचं आलं. लहान गावं विमानानं जोडायच्या उडान योजनेत तेव्हा सरकारची भरपाई एका मार्गाला तीन वर्षं मिळायची. कॅगच्या २०२३ च्या अहवालात मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे : ७७४ मार्ग वाटले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि जे सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी ती तीन वर्षं पुरी केली. लहान कंपनीचं पोट या मार्गांवर असतं. मोठ्यांचीही खात्री नाही म्हणा. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तेव्हा तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार अडकले होते.

बॉन्डपेक्षा नोटीसचा काळ जास्त छळतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी राजीनामा द्यावा लागतो. एवढा काळ दुसरी कंपनी जागा धरून ठेवेलच असं नाही. पगार थकायला लागला की तिसऱ्या महिन्याची वाट न बघता हालचाल कर.

इतकं सगळं सांगूनही, कलमं नीट बदलून मिळाली तर जा. एटीआरवर हात तयार होतो तसा कुठे होत नाही. विमान उतरवायचा सराव भराभर साठतो, कॅप्टनच्या लायसन्सला मात्र १,५०० तास लागतात. सही करण्याआधी कागद गोंदियातल्या एखाद्या वकिलाला दाखव. मामांना नको.

प्रश्न : ताई, मुलगा पायलट आहे, कंबर फार दुखते म्हणतो. आमच्या पुसदच्या वैद्यांनी दशमूलारिष्ट दिलंय. कुरियरनं पाठवू का?

उत्तर : मुळीच नको, वहिनी. आसव आणि अरिष्ट आंबवून करतात, त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो. बाटलीवरच टक्केवारी छापलेली असते, वाचा. ड्युटीआधीच्या चाचणीत यंत्रावर शून्यच यावं लागतं. पहिल्यांदा जरी आकडा निघाला तरी लायसन्स तीन महिने निलंबित, आणि औषध घेतलं होतं ही सबब चालत नाही. काही माउथवॉश आणि होमिओपॅथीच्या थेंबांचंही तेच. कंबरेसाठी त्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. एटीआरच्या खुर्चीत दिवस काढला की कंबर बोलते, मलाही ठाऊक आहे.

काही पाठवायचंच असेल तर जवसाची चटणी पाठवा, हॉटेलची डाळ तेवढीच घशाखाली उतरेल. फक्त तेल घालू नका. बॅगेत सांडली की पांढरा शर्ट कामातून जातो.