खड्ड्यांची आरती लिहिली आणि पोलीस स्टेशनातून फोन आला, आता काय करू?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एका काकांचं पत्र आलंय. वय ६४, रिटायर्ड. गणपतीत त्यांनी आरतीच्या चालीवर खड्ड्यांची आरती लिहिली, त्यात एका मंत्र्याला आणि कॉन्ट्रॅक्टरला चांगलंच सोललंय. ती फेसबुकवर टाकली आणि स्वतः ॲडमिन असलेल्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरपण. दोन-चार दिवसांनी फोन आला की ही फेक न्यूज आहे, डिलीट करा, उद्या मोबाईल घेऊन या, नाहीतर ६६ अ लावू, आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर कलम १६८ च्या नोटीसची पीडीएफ. मुलगा मंत्रालयात कामाला, तो म्हणतो माफी लिहून द्या आणि मोकळे व्हा, आपले फोनपण टॅप होत असतील.

काका, आधी ते ६६ अ डोक्यातून काढून टाका. आयटी ॲक्टमधलं, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून लावायचं ते कलम मेलंय, आणि त्याची कहाणी आपल्या शेजारचीच आहे. २०१२ मध्ये बाळासाहेब गेले तेव्हा मुंबई बंद कशाला असं फेसबुकवर विचारलं म्हणून पालघरची एक मुलगी आणि पोस्ट लाईक केली म्हणून तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली होती. त्यावरून श्रेया सिंघल केस उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने कलमच रद्द केलं. तरी देशभर पोलीस लावतच राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं की बाबांनो यात कोणावर केस चालवू नका. फोनवर कोणी ६६ अ म्हणाला तर त्याला शांतपणे एवढंच सांगायचं की साहेब, जे काय असेल ते लेखी द्या.

लेखी द्या हेच या सगळ्यातलं तुमचं मुख्य वाक्य. फोनवरून डिलीट करा म्हटलं की डिलीट करायला तुम्ही बांधील नाही. आणि घाबरून उडवूपण नका, स्क्रीनशॉट त्यांच्याकडे आहेच, उद्या केस झालीच तर पुरावा नष्ट केला म्हणून वर आणखी एक बोट दाखवतील.

आता ती पीडीएफ. नवीन बीएनएसएसचं (पोलीस आणि कोर्टाने कसं वागायचं ते सांगणारा, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) १६८ म्हणजे सीआरपीसीचं १४९, दखलपात्र गुन्हा होण्याआधीच रोखायचं पोलिसांचं काम त्यात सांगितलंय. तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय असा त्याचा अर्थ नाही आणि मोबाईल जमा करून घ्यायचा अधिकार त्यात कुठेही नाही. पण बरेच वकील सांगतात की ही नोटीस म्हणजे रद्दी, फेकून द्या, तसं मी सांगणार नाही, कारण कायद्याच्या त्याच चॅप्टरमध्ये आता कलम १७२ आलंय, जे आधी नव्हतं. पोलिसांची कायदेशीर सूचना मानली नाही, दुर्लक्ष केलं, तर ते माणसाला ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे नेऊ शकतात किंवा किरकोळ बाब असेल तर २४ तासांच्या आत सोडतात. सूचना कायदेशीर होती का यावर नंतर भांडता येईल हो, पण तोपर्यंत रात्र चौकीत जाते. त्यामुळे येत नाही जा असं म्हणायचं नाही. सिनियर पीआयच्या नावाने एक पानी उत्तर लिहा, की नोटीस मिळाली, माझं लिखाण रस्त्यांच्या कामावर टीका आहे, त्यातल्या कुठल्या शब्दाने कुठला गुन्हा होतो ते कळवा, सहकार्य करायला तयार आहे. इनवर्ड करून शिक्का मारलेली कॉपी घ्या. मुलाला किंवा वकिलाला सोबत न्या, एकटे जाऊ नका.

पुढे साक्षीदार म्हणून कलम १७९ ची नोटीस आली तर तुमचं वय कामाला येतं, ६० च्या वरच्या पुरुषाला स्टेशनात बोलावता येत नाही, त्यांनी घरी यायचं. जबाब घेतला तर त्यावर सही द्यायची नसते, हे कलम १८१ मध्येच आहे. आणि गुन्हा नोंदवून कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस आली तर ती व्हॉट्सॲपवरून चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच स्पष्ट केलंय. मात्र हातात मिळाली की तारखेला जायचंच, ती चुकवली तर अटकेला कारण मिळतं.

आता आरतीकडे येऊ, कारण मला चिंता तिचीच आहे. मंत्र्याच्या अब्रूचं म्हणाल तर बदनामी अदखलपात्र, एनसी, मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलिसांना तपासपण करता येत नाही. फेक न्यूजचं म्हणाल तर, सरकारबद्दल खोटं काय ते सरकारी युनिटच ठरवणार असा नियम केंद्राने २०२३ मध्ये आणला होता, तो आपल्या मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये उडवला. खरा धोका चालीचा आहे. कोणीतरी भावना दुखावल्या म्हणून अर्ज देईल आणि बीएनएसचं (आयपीसीच्या जागी आलेला, गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) २९९ लागेल, वर गटागटांत वैर पसरवण्याचं १९६ आणि अफवा पसरवण्याचं ३५३ जोडतील, आणि ही कलमं अजामीनपात्र आहेत. पण २९९ ला मुद्दाम, दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केला असं दिसावं लागतं. तुम्ही पाठवलेलं मी दोनदा वाचलं, बाप्पाचं नावही नाही, सगळा मार खड्ड्याला आणि टेंडरला. फक्त तिसऱ्या कडव्यात भटजीवर जी कोटी केलीय ती नसती तर बरं झालं असतं, विनोद म्हणूनपण पडलेलाच आहे.

कवितेवरून एफआयआर हा प्रकार सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये नीट हाताळलाय, इम्रान प्रतापगढी यांच्या केसमध्ये. जामनगरला कवितेवरून गुन्हा दाखल झाला होता, कोर्टाने रद्द केला आणि म्हटलं की बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेची कलमं लावायची असतील तर सहसा आधी बीएनएसएसच्या कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी करा, म्हणजे शब्द तरी वाचा. त्याच्या वर्षभर आधी कोल्हापूरच्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून लावलेला गुन्हापण रद्द झाला, तो तर काश्मीरचं ३७० हटवण्यावर टीका करणारा स्टेटस होता, आणि हायकोर्टाने आधी गुन्हा रद्द करायला नाही म्हटलं होतं. परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने, कच्च्या मनाच्या माणसाच्या नव्हे, हे दोन्हीकडे सांगितलंय. दोन्ही बेंचवर आपले ठाण्याचे न्या. अभय ओक होते. तुमच्या उत्तरात या दोन्ही निकालांचा उल्लेख करा, पीआय वाचतात. गुन्हा दाखल झालाच तर त्याच दिवशी सेशन्स कोर्टात अटकपूर्वचा अर्ज, आणि मग हायकोर्टात एफआयआर रद्द करायला.

मोबाईल आपणहून देऊ नका. गुन्हा नोंदवून जप्त करणार असतील तर पंचनामा, त्यात आयएमईआय नंबर, आणि बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ शूटिंग, हे तिन्ही मागा. पासवर्ड द्यायची सक्ती करता येते का यावर कोर्टांचं एकमत नाही, त्यामुळे वकील असल्याशिवाय पासवर्ड नाही.

टॅपिंगचं मला तरी पटत नाही. टॅपिंगला साधारणपणे गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, सार्वजनिक सुरक्षेसारखं कारण लागतं, २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने असे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलंय. खड्ड्याच्या आरतीसाठी कोण एवढी फाईल फिरवणार? तुमच्या ग्रुपमधल्याच कोणीतरी स्क्रीनशॉट नेऊन दिलाय, आणि तो कोण ते तुम्हाला माहीत असणार, सोसायटीच्या मागच्या इलेक्शनमध्ये तुमच्या विरुद्ध कोण होतं ते आठवा. त्याला ग्रुपमधून काढू मात्र नका, आत्ता नको. आणि ॲडमिन म्हणून घाबरू नका, बाकीच्यांनी त्याखाली जे लिहिलं त्याला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, तुमचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण आरती तुम्हीच टाकलीय, तिची जबाबदारी तुमची.

माफीनाम्याबद्दल चिरंजीवांना सांगा की नाही. लिहून दिलेल्या माफीचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या नगरात फिरतो, आणि केस मागे घ्यायचं वचन त्यात कोणी देत नाही. त्यांच्या नोकरीला १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, ते त्यांच्या स्वतःच्या लिहिण्या-बोलण्याला, बापाच्या आरतीला नाही. फक्त त्यांनी ती ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलीय का, हे आजच विचारून घ्या, कारण केली असेल तर त्यांना वेगळा वकील बघावा लागेल.