व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आम्हा दोघांना अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-२ (पर्यटक) व्हिसा मिळाला. मुलगा म्हणतो, सहा महिन्यांत परतावंच लागेल. मग दहा वर्षं कशाची?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दहा वर्षं ही अमेरिकेच्या दारात जाऊन प्रवेश मागण्याची मुदत. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत लिहितो. बी-२ वर बहुधा सहा महिने मिळतात. पोचल्यावर सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा सुरक्षा विभागाच्या) संकेतस्थळावरून ही नोंद काढून घ्या आणि 'ॲडमिट अंटिल'ची, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ती, तारीख पाहा. चूक दिसली तर 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते.

पासपोर्ट लवकर संपत असेल, तर मुक्कामाची तारीखही तिथेच तोडली जाऊ शकते. त्यामुळे मुदत थोडी उरली असेल तर आधी नागपुरातच पासपोर्ट नवा करा. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालतो. दोन्ही पुस्तिका जवळ ठेवायच्या.

सुनेचं बाळंतपण किंवा आजारपण निघालं आणि जास्त राहायचं झालं, तर आय-९४ ची तारीख उलटायच्या आत आय-५३९ अर्ज करावा लागतो. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. अर्ज न करता एक दिवसही जास्त राहिलात तर तो व्हिसा आपोआप रद्द होतो, त्यावर छापलेली वर्षं कितीही उरलेली असोत. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या पुढे गेला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. 'व्हिसा आहे ना, मग काय होतंय' असं सांगणारे नातेवाईक नेमके इथेच गोत्यात आणतात.

प्रश्न : भावाचा अमेरिकेचा व्हिसा '२१४-बी' कलमाखाली नाकारला. आता बंदी आली का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही. परत येण्याइतके धागे इथे आहेत हे अधिकाऱ्याला पटलं नाही, एवढंच. अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, फी मात्र नव्याने. परिस्थितीत काहीच बदललं नसेल तर घाई करू नये.

प्रश्न : पासपोर्टवर ईसीआर छापलंय. दुबईला वेल्डरचं काम मिळतंय. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून देऊ.
– एक वाचक, महाल

उत्तर : जाऊ नका. ईसीआर म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी हवी. त्यात संयुक्त अरब अमिराती आहे. ही परवानगी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून, खऱ्या करारावर मिळते. टुरिस्ट व्हिसावर ती टाळली, की पगार बुडाला तरी दाखवायला करार नसतो. एजंटाचा परवाना त्याच पोर्टलवर तपासा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. दहावी पास असाल तर मार्कशीट-प्रमाणपत्र लावून पासपोर्टचा पुन्हा अर्ज करा, ईसीआर निघून जाईल. करार मात्र तरीही वाचूनच सही करा.