ट्रेल्स ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका कुठून सुरू करावी? थेट ‘कोल्ड स्टील’ या नंतरच्या भागांपासून खेळलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘ट्रेल्स इन द स्काय’ या पहिल्या खेळापासूनच सुरू करा.

तुम्ही लिहिलंय की जुन्या भागांचे ग्राफिक्स बघवत नाहीत, आणि मित्र म्हणतो कोल्ड स्टीलपासून खेळ, मागचं आपोआप कळत जातं. अगदी हेच माझा मावसभाऊ आजही म्हणतो, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

तो थेट कोल्ड स्टीलमध्ये शिरला. लष्करी शाळा, तिथला क्लास सेव्हन हा वर्ग, नायक रीन, सगळं त्याला आवडलं. आवडण्यासारखं आहेच. तो कोल्ड स्टील 3 खेळत होता तेव्हा मी शेजारी बसले होते. पहिल्याच प्रकरणात रीन हामेल नावाच्या उद्ध्वस्त गावात पोचतो. सोबत स्कायमधला आगाट असतो. पाठीला ती अवजड तलवार, एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, आणि इथे सगळं जपून बोलतोय. मला भरून आलं होतं. भावाने बटण दाबत संवाद पुढे ढकलले आणि म्हणाला, “पडकं गाव आहे, त्यात एवढं काय?” मी सांगायला गेले, तर म्हणे मेन्यूत मागच्या कथेचा सारांश आहे, तो वाचलाय. अरे, तो सारांश कोल्ड स्टीलच्याच पहिल्या दोन भागांचा!

एरेबोनिया या कोल्ड स्टीलमधल्या देशाने लिबर्ल या स्कायमधल्या देशावर युद्ध का लादलं, याचं उत्तर त्या गावात आहे. ते स्कायच्या ‘सेकंड चॅप्टर’ या दुसऱ्या खेळात कळतं, तोवर तुम्ही जवळजवळ दोन खेळ लिबर्लच्या रस्त्यांवरून पायी फिरलेले असता, त्याच युद्धात आई गमावलेल्या एस्टेल या नायिकेबरोबर. आगाटने काय गमावलं तेही तोवर कळलेलं असतं. हे चार ओळींच्या सारांशात कसं मावेल?

भावाचा दुसरा मुद्दा असा की स्कायमध्ये निम्मा वेळ काही घडतच नाही. मला हे पटत नाही. सुरुवातीलाच लूक आणि पॅट ही दोन पोरं एस्मेलास टॉवरवर जाऊन अडकतात आणि एस्टेल आणि तिचा जोडीदार जॉशुआ त्यांना सोडवून आणतात. मोहीम संपली म्हणून गावाबाहेर पडू नका. रोलेंट या त्यांच्या गावात एक फेरी मारा, सगळ्यांशी पुन्हा बोला. कथा जरा पुढे सरकली की गावातल्या माणसांचे संवाद बदलतात, आणि मालिका बनवणाऱ्या निहोन फाल्कॉम कंपनीने 2004 पासून ही सवय सोडलेली नाही. ही मालिका त्या माणसांवर उभी आहे. लढाया त्यानंतर. ज्याला हे रटाळ वाटतं त्याला कोल्ड स्टीलही पुढे रटाळच वाटणार.

तिसरा मुद्दा: अर्ध्या जगाने कोल्ड स्टीलपासूनच सुरुवात केली, त्यांचं काय बिघडलं? त्यांचा नाइलाज होता. कोल्ड स्टील इंग्रजीत 2015 मध्ये आला, आणि त्याच्या आधीची क्रॉसबेल शहराची गोष्ट, म्हणजे ‘झिरो’ आणि ‘अझुर’ हे दोन खेळ, अधिकृत इंग्रजीत थेट 2022 आणि 2023 मध्ये. आज सगळं हाताशी असताना तोच उलटा क्रम धरायचं कारण काय? शिवाय कोल्ड स्टील 2 ‘अझुर’चा शेवट फोडतो.

ग्राफिक्सचं म्हणाल तर पहिल्या स्कायचा रिमेक सप्टेंबर 2025 मध्ये आलाय, दिसायला देखणा आहे, त्यामुळे ती सबब उरली नाही. जुन्या पीसी आवृत्तीत खेळाचा वेग वाढवणारा टर्बो मोड आहे, वेळ कमी असेल तर ती घ्या. मात्र पहिला भाग ऐन मोक्याच्या जागी थांबतो, तेव्हा सेकंड चॅप्टर आधीच घेऊन ठेवा. मग स्कायचा तिसरा भाग ‘थर्ड’, मग झिरो, अझुर, मग कोल्ड स्टीलचे चारही. ‘थर्ड’ टाळा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्यातल्या दारांमागच्या छोट्या गोष्टींसाठी तरी खेळाच.

हां, एवढं सगळं खेळणं खरंच जमणार नसेल तर झिरोपासून सुरू केलेलं मी समजू शकते, नवं शहर आणि नवी माणसं आहेत. फक्त सेकंड चॅप्टरमध्ये भेटणाऱ्या रेन नावाच्या मुलीची गोष्ट तिथे मार्गी लागते, आणि तिला आधी ओळखत नसाल तर तो प्रसंग वाया जातो. कोल्ड स्टीलनंतरचा ‘डेब्रेक’ही नवख्यांना चालतो म्हणतात. कॅल्वार्ड या दुसऱ्या देशातली नवी कथा असल्यामुळे चालतोही, पण तिथेही रेन आहेच, आता मोठी झालेली.

कोल्ड स्टील आधीच विकत घेतला असेल तर परत करू नका, तो लागणारच आहे. फक्त आत्ता सुरू करू नका, आणि मित्राने कितीही आग्रह केला तरी त्याच्या शेजारी बसून पुढचे भाग बघू नका.