गळाच्या स्पर्धेत मासा बाद कधी धरायचा?

भंडाऱ्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गळाची स्पर्धा घेताय, तर आधी वजनकाटा सांभाळा. बक्षीस वजनावर असलं की लबाडी तिथेच शिरते. २०२२ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवरावरच्या स्पर्धेत एका जोडीचे मासे दिसायला बेताचे, पण काट्यावर भलतेच जड. आयोजकाने सगळ्यांदेखत पोट फाडलं, तर आतून शिशाचे गोळे निघाले, वर दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडे! दोघांना १० दिवसांची कैद झाली, बोटही गेली. त्यामुळे पहिल्या तीन नंबरांचा मासा चिरून पाहणार, हे आधीच जाहीर करा. कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या.

लबाडी नसतानाही मासा बाद होतो. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ६१९ पौंडांचा मार्लिन हा मोठा समुद्री मासा शार्कने चावा घेतल्यामुळे अपात्र ठरला. जखमी मासा पुरता झुंजत नाही, असं त्यामागचं कारण. तुमच्याकडे कासवाने कुरतडलेली मरळ आली तर काय, ते आत्ताच ठरवा.

जाळं लावलं, वेळ टळून गेल्यावर आला, तर सरळ बाद. तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि काट्यावर त्यांच्यातलाच जाणता माणूस बसवा. बाजारातला बर्फातला मासा तो कल्ले उघडताच ओळखतो.